गंधकनिरास, इंधनांतील : झिओलाइटांचा उपयोग

पेट्रोल, रॉकेल, डीझेल, नैसर्गिक वायू इ. इंधनांत असणारी गंधकाची संयुगे काढून टाकण्याच्या क्रियेस गंधकनिरास म्हणतात. तेल परिष्करण कारखान्यांत ही क्रिया मुख्यत्वे हायड्रोजन वायू व उत्प्रेरक (विक्रियेत स्वतः खर्च न होता तिची गती वाढविणारा पदार्थ) यांच्या साहाय्याने उच्च तापमानास व उच्च दाबाखाली करतात. तिला पूरक अशी दुसरी पद्धत अधिशोषणाची आहे. एखाद्या सच्छिद्र घन पदार्थाच्या पृष्ठभागावर द्रवातील वा वायूतील विशिष्ट रेणू धरून ठेवले जाणे म्हणजे अधिशोषण व त्या घन पदार्थास अधिशोषक म्हणतात. तांबे, चांदी, निकेल, सेरियम यांसारख्या धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू) बसविलेली झिओलाइटे ही गंधकनिरासासाठी विशेष अभ्यासिली गेलेली अधिशोषके होत. सामान्य तापमानास व दाबास, हायड्रोजनाशिवाय, गंधकाची दुःसाध्य संयुगेही ती वेचून घेऊ शकतात. प्रस्तुत नोंदीत त्यांची रचना, कार्यपद्धती, मर्यादा आणि परिष्करण उद्योगातील स्थान यांचे विवेचन केले आहे.

गंधकाची संयुगे : खनिज तेलातील गंधक काही अंशी ज्या जीवांच्या अवशेषांपासून ते तेल बनले त्यांच्यातून, तर पुष्कळसे गाळातील सूक्ष्मजीवांनी सल्फेटांपासून तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडातून आलेले असते. त्याचे प्रमाण तेलक्षेत्राप्रमाणे बदलते. मुंबई हाय येथील तेलात (शोध १९७४) ते अर्ध्या टक्क्याहून पुष्कळच कमी आहे; इराणच्या आखाताभोवतीच्या देशांतील अनेक तेलांत मात्र ते दीड ते तीन टक्के असते. भारतातील कारखान्यांना आयात तेलावर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहावे लागत असल्यामुळे जास्त गंधकाचे तेल हाताळणे त्यांना टाळता येत नाही. कमी गंधकाच्या तेलास ‘गोड’ व जास्त गंधकाच्या तेलास ‘आंबट’ म्हणण्याचा प्रघात तेलव्यवसायात आहे.

तेलातील गंधक सुटे नसून बहुतांशी कार्बनी संयुगांत बांधलेले असते. मरकॅप्टने, सल्फाइडे व डायसल्फाइडे या संयुगांतील गंधक तुलनेने सहज निघते. मरकॅप्टनांना अतिशय उग्र दुर्गंध असतो. स्वयंपाकाच्या वायूची गळती चटकन लक्षात यावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. दुसरा वर्ग थायोफीन व त्यापासून बनलेल्या संयुगांचा आहे. थायोफीन हे चार कार्बन अणू व एक गंधक अणू यांचे पंचकोनी वलय होय. त्यास बेंझिनाचे एक वलय जोडले गेले म्हणजे बेंझोथायोफीन आणि दोन जोडली गेली म्हणजे डायबेंझोथायोफीन मिळते. पेट्रोलमध्ये पहिली दोन व डीझेलमध्ये शेवटची दोन विशेषेकरून आढळतात. या वलयी संयुगांतील गंधकाचा बंध स्थिर असतो व ते काढणे कठीण जाते.

दुष्परिणाम : इंधन जळताना त्यातील गंधकाचे सल्फर डाय-ऑक्साइड बनते. गंधकाच्या दर किलोग्रॅमामागे हा वायू सु. दोन किग्रॅ. तयार होतो. तो श्वसनमार्गास दाहक असून हवेतील आर्द्रतेशी व ऑक्सिजनाशी संयोग पावून त्याचे सल्फ्यूरिक अम्ल व सल्फेटांचे अतिसूक्ष्म कण बनतात. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन येथे कोळशाचा धूर व धुके यांच्या मिश्रणाने हजारो लोक मृत्युमुखी पडले, त्या मिश्रणात सल्फर डाय-ऑक्साइड हा एक प्रमुख घटक होता. अम्लीय पावसाने वने, तलाव व दगडी इमारती यांची हानी होते. एंजिनाच्या धातूच्या भागांवर गंज चढणे हाही गंधकाचाच परिणाम आहे.

याहून महत्त्वाचा परिणाम अप्रत्यक्ष आहे. मोटारगाड्यांच्या निष्कास नळीत बसविलेल्या परिवर्तकात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे धातू उत्प्रेरक म्हणून असतात. गंधकाची संयुगे या धातूंच्या पृष्ठभागावर घट्ट बसतात व उत्प्रेरक निकामी करतात. यास उत्प्रेरकाचे विषाक्तन म्हणतात. त्यामुळे गंधकयुक्त इंधन वापरल्यास कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे आणि काजळी यांचे नियंत्रणही बिघडते. इंधनातील गंधक जवळजवळ शून्यावर आणण्याचा आग्रह मुख्यत्वे या कारणासाठी धरला जातो.

कायदेशीर मर्यादा : भारतात १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डीझेलमध्ये वजनी एक टक्का, म्हणजे दशलक्ष भागांत १०,००० भाग, एवढे गंधक चालत असे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली. देशभर लागू झालेल्या ‘भारत स्टेज’ मानकांनुसार ती २०१० मध्ये ३५० भाग, एप्रिल २०१७ मध्ये ५० भाग व १ एप्रिल २०२० पासून (सहावा टप्पा) १० भाग झाली; दिल्लीत १० भागांचे इंधन १ एप्रिल २०१८ पासूनच मिळू लागले होते. पाचवा टप्पा मध्ये गाळण्यात आला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००६ पासून डीझेलसाठी १५ भागांची आणि यूरोपीय संघात २००९ पासून १० भागांची मर्यादा अंमलात आली. जहाजांच्या इंधनासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा १ जानेवारी २०२० रोजी ३·५ टक्क्यांवरून ०·५ टक्क्यावर आणण्यात आली. सुमारे पंचवीस वर्षांत भारतीय डीझेलमधील गंधकाची मर्यादा अशा प्रकारे एक हजारांशावर आली.

हायड्रोजनी गंधकनिरास : वरील मर्यादा गाठणे शक्य झाले ते प्रामुख्याने या पद्धतीमुळे होय. तीत इंधन व हायड्रोजन यांचे मिश्रण सु. ३००°–४००° से. तापमानास व अनेक दशक वातावरणे इतक्या दाबाखाली, ॲल्युमिनावर पसरलेल्या कोबाल्ट-मॉलिब्डेनम वा निकेल-मॉलिब्डेनम सल्फाइडाच्या उत्प्रेरकावरून नेतात. गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो आणि क्लाउस पद्धतीने (१८८३) त्यापासून शुद्ध गंधक मिळवितात.

गंधकाचा मोठा भाग या रीतीने सहज निघतो. परंतु शेवटचा थोडासा भाग निघता निघत नाही. याचे कारण ४,६-डायमिथिल डायबेंझोथायोफिनासारख्या संयुगांच्या रचनेत आहे. त्यांच्यातील गंधक अणूच्या दोन्ही बाजूंस एकेक मिथिल गट असतो आणि त्यांच्या आडोशामुळे गंधक उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाशी भिडू शकत नाही. ही संयुगे मोडण्यासाठी दाब वाढवावा लागतो, उत्प्रेरकाचे आकारमान वाढवावे लागते व हायड्रोजन अधिक खर्च होतो. हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायू वा नॅप्था यांपासून बनवितात व त्या क्रियेत कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय भंजनाने मिळविलेल्या पेट्रोलवर ही प्रक्रिया केल्यास त्यातील ओलेफिने (द्विबंध असलेली हायड्रोकार्बने) संपृक्त होतात आणि पेट्रोलचा ऑक्टेन अंक घटतो. शेवटचे गंधक हायड्रोजनाशिवाय काढता येईल काय, या प्रश्नातून अधिशोषणाच्या अभ्यासास चालना मिळाली.

झिओलाइटे : झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजवैज्ञानिक आक्सेल क्रूनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. तापविल्यावर हे खनिज उकळत असल्यासारखे वाफ सोडते, म्हणून ‘उकळणे’ व ‘दगड’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ते बनविले आहे. दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट इ. झिओलाइटांचे सुंदर स्फटिक आढळतात. पुणे, नासिक, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर), जळगाव या भागांतील दगडखाणींतून मिळालेले नमुने जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. मात्र या खनिजांतील द्वारे अरुंद असल्यामुळे गंधकाची वलयी संयुगे आत घेण्यास ती उपयोगी पडत नाहीत व त्यासाठी कृत्रिम झिओलाइटे वापरतात.

कृत्रिम झिओलाइटांचा पाया ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड बॅरर यांनी १९४० नंतरच्या दशकात घातला. अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीतील रॉबर्ट मिल्टन यांनी ए व एक्स या जातींची आणि नंतर डोनाल्ड ब्रेक यांनी वाय या जातीची निर्मिती केली. एक्स व वाय यांची संरचना फौजासाइट या दुर्मिळ खनिजासारखी असते. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही झिओलाइटांवर दीर्घकाळ काम केले असून झायलिनांच्या निर्मितीसाठी तिने विकसित केलेले ‘एन्सिलाइट’ उत्प्रेरक प्रसिद्ध आहेत.

रासायनिक दृष्ट्या झिओलाइटे ही सच्छिद्र ॲल्युमिनोसिलिकेटे होत. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे अणू चार चार ऑक्सिजन अणूंनी वेढलेले असतात व हे चतुष्फलक कोपऱ्यांशी जोडले जाऊन त्यांचा त्रिमितीय सांगाडा बनतो. वाय झिओलाइटाच्या सांगाड्यात सु. १·२ ते १·३ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जांश) व्यासाच्या पोकळ्या असतात व त्या सु. ०·७४ नॅनोमीटर रुंदीच्या खिडक्यांनी एकमेकींस जोडलेल्या असतात. खिडकीपेक्षा मोठा रेणू आत जाऊ शकत नाही, म्हणून झिओलाइटांस ‘रेणवीय चाळणी’ असेही म्हणतात. एक ग्रॅम वाय झिओलाइटाचे अंतर्गत पृष्ठफळ कित्येक शे चौरस मीटर भरते.

सांगाड्यातील प्रत्येक ॲल्युमिनियम अणूमुळे एक ऋण विद्युत् भार उत्पन्न होतो. त्याचे संतुलन पोकळ्यांत राहणाऱ्या सोडियमासारख्या धन आयनांनी होते. हे आयन सांगाड्यात घट्ट गुंतलेले नसल्यामुळे त्यांच्या जागी दुसऱ्या धातूंचे आयन आणता येतात. गंधकनिरासासाठी झिओलाइटांचा जो उपयोग होतो, तो मुख्यतः या आयन-विनिमयाच्या गुणधर्मावर आधारलेला आहे.

निवडीचा प्रश्न : गंधकाचे रेणू केवळ आकारावरून वेगळे करता येत नाहीत. थायोफीन व बेंझीन यांच्यातील साम्य याचे चांगले उदाहरण आहे. थायोफिनाचा उकळबिंदू ८४° से. आणि बेंझिनाचा ८०° से. असून रेणूंचे आकारही जवळजवळ सारखे आहेत. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळविलेल्या बेंझिनात थायोफीन दीर्घकाळ लपून राहिले होते. अशा बेंझिनात इसॅटीन व सल्फ्यूरिक अम्ल घातल्यास येणारा निळा रंग बेंझिनाचाच गुणधर्म समजला जात असे. बेंझॉइक अम्लापासून केलेल्या शुद्ध बेंझिनास तो रंग येत नाही असे आढळल्यावरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १८८२ मध्ये थायोफिनाचा शोध लावला.

इंधनात हे साम्य अधिकच अडचणीचे ठरते, कारण गंधकाच्या रेणूंची संख्या फार थोडी असते. डीझेलच्या रेणूंचा सरासरी रेणुभार २०० धरल्यास, दशलक्ष भागांत ४३० भाग गंधक असलेल्या डीझेलमध्ये सु. ३७० रेणूंमागे एक रेणू गंधकाचा असतो. १० भाग गंधक असलेल्या डीझेलमध्ये हे प्रमाण सु. १६,००० रेणूंमागे एक असे होते. डीझेलमध्ये साधारणपणे पाव हिस्सा ॲरोमॅटिक (बेंझिनासारखी वलये असलेली) संयुगे धरली, तर गंधकाच्या प्रत्येक रेणूमागे त्याच्यासारखेच दिसणारे सु. चार हजार रेणू असतात. साधे सोडियमयुक्त झिओलाइट गंधकाचे रेणू धरते खरे. परंतु ॲरोमॅटिक रेणूही तितक्याच ओढीने धरत असल्याने त्याच्या जागा लवकर भरून जातात. गंधकाच्या रेणूकडे थोडा तरी अधिक कल असलेली जागा पोकळीत निर्माण करणे हा यावरील उपाय होय व धातूंचे आयन ते कार्य करतात.

धातूंचे कार्य : धातूचा आयन गंधकाच्या रेणूस तीन प्रकारे धरू शकतो.

(१) पाय-जटिलीभवन : एकसंयुजी तांबे व चांदी यांच्या आयनांत सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन कक्षक रिकामा असतो व त्याच्या आतील डी कक्षक दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असतात. थायोफिनाच्या वलयातील पाय इलेक्ट्रॉन आयनाच्या रिकाम्या कक्षकात अंशतः शिरतात आणि आयनाचे डी इलेक्ट्रॉन उलट वलयाकडे अंशतः जातात. या दुहेरी देवघेवीने होणारा बंध साध्या भौतिक आकर्षणापेक्षा बलवान, पण नेहमीच्या रासायनिक बंधापेक्षा दुबळा असतो. त्यामुळे रेणू धरले जातात व थोड्या उष्णतेने वा विद्रावकाने सोडविताही येतात. बेंझीनही असाच बंध करते. परंतु थायोफिनाचा बंध किंचित अधिक बळकट असतो आणि हा लहानसा फरकच निवडीस कारणीभूत होतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात राल्फ यांग व त्यांचे सहकारी यांनी या तत्त्वावर केलेले काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकसंयुजी तांबे असलेल्या वाय झिओलाइटातून त्यांनी बाजारातील डीझेल सामान्य तापमानास व दाबास गाळले. गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ४३० भागांवरून ०·२ भागाहून कमी झाले आणि दर ग्रॅम अधिशोषकामागे ३४ घ. सेंमी. शुद्ध डीझेल मिळाले. या पद्धतीचे एक वैशिष्ट्य असे की, डायबेंझोथायोफिनाचे वलय धातूच्या आयनावर सपाट पडत असल्याने गंधकाशेजारील मिथिल गट आड येत नाहीत; उलट ते वलयास इलेक्ट्रॉन पुरवून बंध दृढ करतात, असे यांग यांचे स्पष्टीकरण आहे. हायड्रोजनी पद्धतीत सर्वांत चिवट ठरणारी संयुगे येथे चांगली धरली जातात, ती यामुळे.

(२) गंधक-धातू बंध : सेरियम, निकेल यांसारख्या धातूंच्या आयनांशी गंधक अणू स्वतःच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-युग्माच्या द्वारे सरळ जोडला जातो. बेंझिनात गंधक नसल्याने त्याला असा बंध करता येत नाही व त्यामुळे ॲरोमॅटिक संयुगांची स्पर्धा कमी होते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील चुन्शान साँग व त्यांचे सहकारी यांनी सेरियमयुक्त वाय झिओलाइटाचा या दृष्टीने अभ्यास केला. या प्रकारात गंधकाजवळ मिथिल गट असल्यास मात्र अडथळा येतो.

(३) विक्रियात्मक अधिशोषण : यात गंधकाचा अणू मूळ रेणूतून तोडून धातूच्या सल्फाइडाच्या रूपात घेतला जातो व हायड्रोकार्बनाचा उरलेला भाग इंधनात परत जातो. याकरिता झिओलाइटाऐवजी निकेल व झिंक ऑक्साइड यांचे मिश्रण वापरतात आणि उच्च तापमान व थोडा हायड्रोजन यांची आवश्यकता असते.

अधिशोषकाची निर्मिती : सोडियमयुक्त वाय झिओलाइटाची पूड तांब्याच्या नायट्रेटाच्या विद्रावात ढवळत ठेवली असता सोडियमाच्या जागी द्विसंयुजी तांब्याचे आयन येतात. पूड गाळून, धुऊन व वाळवून हीलियमासारख्या अक्रिय वायूत सु. ४५०° से. पर्यंत तापविली म्हणजे द्विसंयुजी तांब्याच्या पुष्कळशा भागाचे एकसंयुजी तांबे बनते. चांदीसाठी सिल्व्हर नायट्रेटाचा विद्राव वापरतात. चांदी आयनरूपात एकसंयुजीच असल्याने तिच्या बाबतीत हा क्षपणाचा टप्पा लागत नाही. परंतु ती महाग असून प्रकाशास संवेदनशील असते. शेवटी पूड योग्य बंधकात मिसळून तिच्या लहान गोळ्या वा कांड्या बनवितात, कारण बारीक पुडीतून इंधन वाहण्यास फार मोठा दाब लागतो.

घातलेला सर्वच धातू उपयोगी पडतो असे नाही. काही आयन सांगाड्यातील अशा लहान कोनाड्यांत जाऊन बसतात की, तेथे थायोफिनाचा रेणू पोहोचू शकत नाही. मोठ्या पोकळीच्या भिंतीवर उघडे राहिलेले आयन तेवढे कार्य करतात. पाण्याचा अंश राहिल्यास तेही झाकले जातात, म्हणून वापरण्यापूर्वी अधिशोषक काळजीपूर्वक कोरडे करावे लागते.

संयंत्रातील कार्य : अधिशोषकाच्या गोळ्या उभ्या स्तंभात भरून त्यांतून इंधन वाहू देतात. प्रथम प्रवेशाजवळचा थर गंधकाने भरतो व भरलेल्या भागाची सीमा हळूहळू पुढे सरकते. ती निर्गमनद्वाराशी पोहोचली म्हणजे बाहेर येणाऱ्या इंधनात गंधक दिसू लागते. त्यापूर्वीच प्रवाह दुसऱ्या ताज्या स्तंभाकडे वळवितात व पहिल्या स्तंभाचे पुनरुज्जीवन करतात. पाणी अडविण्यासाठी मुख्य थराच्या आधी सक्रियित ॲल्युमिनाचा वा कार्बनाचा संरक्षक थर ठेवता येतो.

पुनरुज्जीवनाच्या दोन रीती आहेत. टोल्यूइनासारख्या विद्रावकाने धुतल्यास गंधकाचे रेणू सुटतात. परंतु नंतर तो विद्रावक वेगळा करावा लागतो व गंधकाचा अर्क कोठे तरी वापरावा लागतो. दुसऱ्या रीतीत स्तंभ हवेत तापवून अडकलेली संयुगे जाळून टाकतात. त्यात अडकलेले उपयुक्त हायड्रोकार्बनही जळते, सल्फर डाय-ऑक्साइड निर्माण होऊन ते पकडावे लागते आणि एकसंयुजी तांब्याचे पुन्हा द्विसंयुजी तांबे बनते. म्हणून अक्रिय वायूत तापविण्याचा टप्पा प्रत्येक आवर्तनात पुन्हा करावा लागतो.

मर्यादा : वर दिलेल्या प्रयोगातील आकड्यांवरून पद्धतीची क्षमता अजमावता येते. दर ग्रॅम अधिशोषकाने सु. १२ मिग्रॅ. गंधक, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास, धरले. या हिशेबाने एक टन अधिशोषक ४३० भाग गंधकाचे सु. ३४,००० लिटर डीझेल शुद्ध करील. दररोज १०,००० टन (सु. एक कोटी वीस लक्ष लिटर) डीझेल तयार करणाऱ्या कारखान्यास रोज सु. ३५० टन अधिशोषकाचे पुनरुज्जीवन करावे लागेल. ही गोष्ट व्यवहार्य नाही. इंधनात गंधक मुळातच दशलक्ष भागांत १५-२० भाग असेल, तर तेच अधिशोषक कितीतरी अधिक इंधन शुद्ध करू शकेल; मात्र स्पर्धक रेणूंचे प्रमाण तसेच राहत असल्याने ही वाढ गंधकाच्या घटीच्या प्रमाणात होईलच असे नाही.

इतर अडचणी पुढीलप्रमाणे आहेत : (अ) ॲरोमॅटिक संयुगे व ओलेफिने तांब्याच्या व चांदीच्या जागांसाठी स्पर्धा करतात. (आ) पाणी, अल्कोहॉल व नायट्रोजनयुक्त संयुगे धातूच्या आयनांना गंधकापेक्षाही अधिक घट्ट चिकटतात. म्हणून एथिल अल्कोहॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ही पद्धत मिश्रणापूर्वीच योजावी लागते. (इ) डायबेंझोथायोफिनाची मोठी साधिते ०·७४ नॅनोमीटरच्या खिडकीतून मंदपणे आत शिरतात. अधिक रुंद छिद्रांची सिलिकी द्रव्ये व धातु-कार्बनी सांगाडे यांवर धातू बसवून ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न झाले आहेत. (ई) वारंवार तापविल्याने धातूचे आयन एकत्र येऊन त्यांचे कण बनतात व क्षमता घटत जाते. शुद्ध हायड्रोकार्बनात थायोफीन मिसळून केलेल्या नमुना-इंधनावर जे अधिशोषक उत्तम ठरते, ते प्रत्यक्ष डीझेलमध्ये बरेच कमी काम करते, याची कारणे यातच आहेत. या विषयावरील निष्कर्ष वाचताना ते कोणत्या इंधनावर मिळाले आहेत हे म्हणून आवर्जून पाहावे लागते.

उपयोग व स्थान : द्रव इंधनांच्या मोठ्या प्रमाणावरील गंधकनिरासात धातुयुक्त झिओलाइटांनी हायड्रोजनी पद्धतीची जागा घेतलेली नाही. अधिशोषणाचा जो प्रकार परिष्करण उद्योगात रुजला तो विक्रियात्मक आहे. फिलिप्स पेट्रोलियम कंपनीची ‘एस झॉर्ब’ ही पद्धत टेक्सस राज्यातील बॉर्गर येथे २००१ मध्ये सुरू झाली व पुढे चीनमधील सायनोपेक कंपनीने तिचे हक्क घेऊन ती आपल्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणात वापरली. भारतात इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने पेट्रोलसाठी ‘इंडअडेप्टजी’ ही याच वर्गातील पद्धत विकसित केली असून तिचे संयंत्र गौहाती येथील परिष्करण कारखान्यात उभारले आहे. या पद्धतींत ऑक्टेन अंकाची हानी कमी होते.

धातुयुक्त झिओलाइटांचे खरे क्षेत्र इंधन-विद्युत् घटांचे आहे. या घटात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या विक्रियेने सरळ वीज मिळते. हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून किंवा द्रव इंधनापासून जागीच बनवावयाचा असेल, तर गंधकाचा अल्प अंशही निकेलाचा उत्प्रेरक व घटातील प्लॅटिनम या दोहोंना निकामी करतो. प्लॅटिनम असलेल्या घटासाठी गंधक दशलक्ष भागांत ०·१ भागाहूनही कमी असणे इष्ट असते. रस्त्यावरील वाहनांसाठी पुरेशी असलेली दहा भागांची मर्यादा येथे शंभरपट अपुरी पडते. घरगुती संयंत्रात उच्च दाबाचा हायड्रोजन वापरणे शक्य नसते. याउलट सामान्य तापमानास काम करणारी अधिशोषकाची एक नळकांडी बसविणे सोपे असते.

जपानमध्ये शहरांतील नळांद्वारे पुरविल्या जाणाऱ्या वायूत गळती कळावी म्हणून डायमिथिल सल्फाइड व तृतीयक ब्युटिल मरकॅप्टन ही गंधकाची संयुगे मिसळण्याची पद्धत आहे. ती काढून टाकण्यासाठी चांदीयुक्त झिओलाइटे उपयुक्त ठरली आहेत. कारण इतर अधिशोषके ज्या डायमिथिल सल्फाइडास ओलसर वायूतून नीट धरू शकत नाहीत, ते चांदी धरते. त्या देशात २००९ पासून घरगुती इंधन-विद्युत् घट विक्रीस आले. तेथे गंधकाचे प्रमाण मुळातच अत्यल्प, प्रवाह लहान व अधिशोषक दीर्घकाळ टिकणारे असल्याने चांदीची किंमत परवडू शकते.

यावरून दोन्ही पद्धतींची कामे वेगळी असल्याचे दिसून येते. टक्क्यांत मोजले जाणारे गंधक काढण्यासाठी हायड्रोजनी पद्धत योग्य आहे, तर दशलक्ष भागांत काही भाग किंवा त्याहूनही कमी उरलेले गंधक टिपण्यासाठी अधिशोषण सोयीचे पडते. ॲरोमॅटिक संयुगांच्या सान्निध्यातही गंधकच निवडणारे व अनेक आवर्तने टिकणारे स्वस्त अधिशोषक मिळाल्यास परिष्करण कारखान्यांतील हायड्रोजनाचा व ऊर्जेचा बराच खर्च वाचेल आणि त्या प्रमाणात कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जनही कमी होईल. या क्षेत्रातील संशोधनाचा रोख मुख्यत्वे अशा अधिशोषकाच्या शोधावर आहे.